हिवाळ्याचं इसन

सासरे गेले त्या सकाळी शिरवण्यात थंडी पडली. ते झोपेतच गेले.

हिवाळ्यावर इतका विश्वास असलेला माणूस सगळ्या नव्या मुंबईत दुसरा झाला नसेल. इथे डिसेंबरातही दुपारी लोक एसी लावतात. सासरे मात्र दिवाळीची शेवटची पणती विझली की स्वेटर आणि माकडटोपी चढवत. डोक्यावर पंखा पाचावर, कपाळावरून घामाच्या धारा. मी एकदा भीत भीत विचारलं, "बाबा, उकडत नाही का?"

"उकडतं. पन हिवाल्याचा मान हाय ना, जावयबापू!"

शेतं गेली, त्या जागी त्यांची चार मजली इमारत आली आणि तिच्या गच्चीवर त्यांनी तांब्याचा बंब मांडला. अंघोळ त्याच्याच पाण्याची. गिझरचं पाणी त्यांच्या मते "आजाऱ्याचं". सरपणासाठी ते कुठेही वाकत. लग्नाला गेले तर मांडवाची मोडकी फळी आणत, कुणी घर पाडलं तर जुनी चौकट. गेल्या पावसाळ्यात बेलापूरच्या एका कचेरीत दाखला आणायला गेले, ते मोडक्या खुर्चीचा पाय काखेत घेऊन परतले.

"दाखला रं?" त्यांच्या बहिणीनं, घरातल्या आत्यांनी, विचारलं.

"सायेब नव्हता. खुर्ची होती."

माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती लेक, खारघरच्या कॉलेजात पर्यावरण शिकवते. त्यामुळे दर रविवारी गच्चीवर परिषदच भरे. "बाबा, लाकडं जाळू नका. हवा तापत चाललीय, म्हणून थंडी येत नाही."

"माजा येक बंब दिसतो तुना, आन समोरच्या टावरला लटकलेलं एसी नाय दिसत? ते काय अत्तर सोरतान?" मग ते आपला सिद्धान्त मांडत. "देवानं वरीसभर पानी तापवलं, मंग त्यात हिवाल्याचं इसन घातलं. आता इसनच सपलं, त चटका बसनारच."

"विसण म्हणा, बाबा." कढत पाण्यात घालायच्या गार पाण्याच्या नावावरही बापलेकीचं एकमत नव्हतं.

यंदा तिला धुरानं खोकला लागला आणि तिनं सांगून टाकलं, "बंब पेटला तर मी माहेरी येणार नाही." त्यांनी त्याच दिवशी बंबातली राख काढून टाकली. ते पाहून तिनंच सूट दिली, "खरी थंडी पडली तर एकदा पेटवा." ती पडत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर ते रोज चिंचेनं बंब घासत, आणि पहाटे गच्चीवर उभे राहून 'हाऽ' करत तोंडातून वाफ निघते का ते पाहत. कधी निघाली नाही.

त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा माझ्या तोंडातून वाफ निघत होती. ती कुणाला दाखवावी, मला कळेना.

त्यांच्या शेवटच्या अंघोळीसाठी आत्या गिझर लावायला निघाल्या. बायको गच्चीवर गेली आणि तिनं बंब पेटवला. खुर्चीचा पाय तिनंच आत सारला. खोकत खोकत कढत पाण्याची बादली खाली आणली. मी तांब्या भरून उचलला, तशी ती ओरडली, "थांब! आधी इसन घाल. चटका बसेल बाबांना."

"आता कंचा चटका, बाय?" आत्या म्हणाल्या. पण उठल्या, आणि गार पाणी घेऊन आल्या.

थंडी त्याच आठवड्यात गेली. बंब गच्चीवर आहे. शेजारी लाकडं आहेत.