वा नुरिहाने न ऐकलेला शब्द

बुटोन बेटावरच्या आमच्या बिनतारी केंद्रात वा नुरिहा शिकाऊ म्हणून आली, तेव्हा पश्चिम वारे नुकतेच सुटले होते. कोळ्याची लेक, वय एकोणीस. शेजारच्या टेबलावर मी संदेशांची नोंद ठेवायचो.

तिला शिकवायचे केंद्रातले जुने तारबाबू, ला हारिमु. "ठिपके-रेघा मोजत बसू नकोस गं," ते म्हणायचे. "अक्षर अख्खं ऐक. आईची हाक काय मोजून ओळखतेस?" पेन्सिल कानाच्या एक अक्षर मागे चालवायची, हुकलं ते सोडून द्यायचं, आणि झेपतं त्याहून जरा वेगाचं रोज तासभर लिहायचं. पोरगी झपाट्याने तयार झाली. खोड एकच: अर्धा शब्द आला की उरलेला स्वतःच लिहून मोकळी.

"बरोबरच निघतो की, काका!"

"निघतोय तोवर निघतोय." ते हसले नाहीत.

जानेवारीतली दुपार. समुद्र शिशासारखा काळवंडलेला. ला हारिमु जेवायला गेले होते. 'सिनार तोमिया' नावाच्या गलबताचा संदेश सुरू झाला. 'आइर', म्हणजे पाणी, मग 'म'. नुरिहाने लिहून टाकलं: आइर मिनुम, प्यायचं पाणी. बंदराकडे येणारं प्रत्येक गलबत तेच मागायचं.

"पाणीवाल्याला कळव रे," म्हणत तिने कागद माझ्याकडे सरकवला, हेडफोन गळ्यात घेतला. त्यातून बारीक आवाज येतच होता.

जेवून परतलेले ला हारिमु तो आवाज ऐकून दारातच थबकले. "मिनुम कुठलं? मासुक म्हणतोय तो! पाणी आत शिरतंय! ठिकाण काय सांगितलं?"

नुरिहाने हेडफोन कानाला लावला. नुसती खरखर. संध्याकाळपर्यंत ती यंत्रावरून गलबताला हाका देत राहिली.

ठिकाण ठाऊक नसल्याने शोध भलतीकडेच चालला. तिसऱ्या दिवशी फळ्यांना धरून तरंगणारे पाच जण सापडले. गलबतावर होते अकरा. संदेश पाठवणारा तरुण त्या पाचांत नव्हता.

नुरिहा त्याच्या आईकडे गेली. मी सोबत होतो. तिने काही लपवलं नाही. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी काय म्हणत होता गं माझा पोर?"

"ते मी ऐकलं नाही, मावशी."

म्हातारी उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नुरिहा वेळेवर कामावर आली. वारा पडला नव्हता, आणि सात गलबतं अजून बाहेर होती.