बाविसावा माळा

यादी केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. त्या रविवारच्या यादीत अकरा कामं होती. मामाची औषधं, चष्मा, आधार कार्ड, त्याच्या कोंबड्या शेजाऱ्यांकडे, किल्लीही त्यांच्याकडेच, असं करत अकरावं काम : मामाला ठाण्याला आणणे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. टिटवाळ्याच्या पुढे एका गावात त्याचं कौलारू घर आहे. मामी गेल्यापासून तो एकटाच. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडला, ते दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. तेव्हापासून मी त्याच्या मागे लागले होते. मुलगी शिकायला पुण्याला गेल्याने आमची एक खोली रिकामीच होती.

आम्ही वर्तकनगरात राहतो. पूर्वी आमची इमारत तीन मजली होती. भाजीवाली खालून हाक मारायची आणि आई दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. त्या जागेवर टॉवर झाला आणि आम्ही बाविसाव्या माळ्यावर गेलो. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, पण हाक कुणाचीच ऐकू येत नाही.

शहाडचा पूल ओलांडला, तरी दोन्ही बाजूंना इमारती संपेनात. टिटवाळ्यानंतर मात्र रस्ता वळला आणि एकदम शेतं लागली. भात कापून झालेल्या जमिनीत वालाला फुलं आली होती. मी एसी बंद करून काच खाली केली. तो वास ओळखीचा होता.

लहानपणी सुट्टीत मी मामाच्या माळ्यावर झोपायचे. कौलांखाली फळ्या टाकलेल्या, शिडीने चढायचं. तिथे पेंढ्यात आंबे पिकायला घातलेले असत. मामा रोज सकाळी वर येऊन एकेक आंबा परतून बघायचा, आणि त्याच हाताने माझं पांघरूण ओढायचा.

मी पोचले तेव्हा मामा ओट्यावर टोपलीची कड बांधत बसला होता. कपड्यांची पिशवी भरलेली नव्हती.

"मामा, हे काय? मी यादी पाठवली होती ना?"

"वाचली की. तुझी आईपण अशीच. माझ्या लग्नात यादी घेऊन फिरत होती, आणि गाडीत नवऱ्या मुलालाच बसवायची विसरली."

"विषय बदलू नको."

"बरं. तुझं घर कितव्या माळ्यावर गं, बाय?"

"बाविसाव्या. माहितीये तुला."

"आणि माळ्यावर आपण काय ठेवतो?"

मी हसत सांगायला लागले, "जुन्या टोपल्या, इरली, तो मोडका नांगर..."

"म्हणजे रोज लागत नाही, पण टाकवतही नाही, ते."

माझं हसू थांबलं. आम्ही ठाण्याची माणसं मजल्याला सर्रास माळाच म्हणतो. इतकी वर्षं तो शब्द वापरला, पण मामाच्या कानाने कधी ऐकला नव्हता.

"इथे पुन्हा पडलास तर?" मी विचारलं.

"तिथे पडलो तर? तू आठला ऑफिसला जाणार."

हे यादीत नव्हतं. आत जाऊन मी शिडी चढले. गुडघा कुरकुरला. माळ्यावर आता नांगर आणि थोडा पेंढा, एवढंच होतं. कौलांच्या फटीतून टिटवाळ्याचे नवे टॉवर दिसत होते. मी पेंढा मुठीत धरून थोडा वेळ बसले आणि खाली आले.

"मामा, माळ्यावर आंबेपण ठेवायचो आपण. ते काय टाकून दिलेले असायचे? तू रोज परतून बघायचास, आणि वेळेवर खाली काढायचास."

मामाने सुतळीची गाठ घट्ट ओढली.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "वाल काढायला मी इथे पाहिजे. लिही तुझ्या यादीत."

मी बारावं काम लिहिलं : वाल काढायच्या आत मामाला परत सोडणे. त्याने चष्मा लावून वाचलं.

"परत सोडणे काय? माळ्यावरून उतरवणे, असं लिही."

मी खोडून तसं लिहिलं. मग त्याने अर्धवट टोपली काखेत मारली आणि कोंबड्या शेजारी द्यायला निघाला.