डोलकाठीची तार

इंदूरचा माणूस ग्वाल्हेरच्या भल्याचं काही करील, यावर आमच्या कचेरीत कुणाचाच विश्वास नव्हता. माझा तर मुळीच नव्हता. दोन्ही संस्थानं नव्या मध्य भारतात विलीन झाली आणि ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या तलावावरच्या होड्या ताब्यात घ्यायला जे साहेब आले, ते नेमके इंदूरचे. बोलायला गोड, मराठीही आमच्याहून स्वच्छ. त्यामुळे संशय आणखीच बळावला.

होड्यांच्या त्या लहानशा खात्यात मी कारकून होतो. दरबारच्या पाहुण्यांसाठी एक शिडाची होडी होती. पाण्यावरही त्यांना रेडिओ ऐकता यावा म्हणून तिच्या डोलकाठीच्या टोकापासून मागच्या कठड्यापर्यंत तांब्याची एरियल ताणलेली असे. रेडिओ केव्हाच कुणीतरी नेला होता, तार तेवढी राहिली होती. आता होडी पाटबंधाऱ्याच्या लोकांना पाणी मोजायला जायची होती. साहेबांनी फर्मावलं, "ही एरियल उतरवा. शिडात अडकते."

शिडात अडकते म्हणे! इतकी वर्षं नाही अडकली ती. सगळी होडी सोडून यांचा डोळा तांब्यावरच का, हा प्रश्न मला दाना ओली मोहल्ल्यातल्या माझ्या खोलीवर जेवतानाही सोडीना.

तार उतरवली ती नावाडीकाकांनी. काका शिलेदारांच्या घराण्यातले, पण त्यांची हयात पाण्यावर गेलेली. नव्या नोकरीत ज्यांना घ्यायचं त्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि घरात मिळवते ते एकटेच. चार दिवसांनी मी सामानाच्या खोलीत पाहिलं, तर तारेचं वेटोळं नाही. खोलीची किल्ली साहेबांकडे. मी मनात म्हटलं, सापडलात!

साहेबांवर सरळ आरोप करायची माझी छाती नव्हती. म्हणून होड्यांचा ताबा देण्याच्या कागदावर मी साळसूदपणे लिहिलं, 'एरियलची तार नावाड्याने उतरवली. त्यानंतर ती खोलीत आढळत नाही.' वरचे लोक चौकशी करतील, किल्लीचा प्रश्न निघेल आणि साहेब अडकतील, असा माझा हिशेब. साहेबांनी न वाचताच सही ठोकली. हुकूम आला तो वेगळाच : नावाड्याचं नाव यादीतून तूर्त वगळावं.

मग मात्र माझी गाळण उडाली. सायकल काढून तिघरा गाठलं. होडी काठाला होती आणि तार होडीवरच होती. डोलकाठीच्या टोकापासून सरळ खाली उतरवून, जुन्या घंगाळाच्या तांब्याच्या बुडाला जोडून ते बूड काकांनी पाण्यात सोडलं होतं.

"बिजली पडते नं इथे," काका म्हणाले. "आता मोजणीवाले नवे लोक बसणार. पडली तर सीधी पाण्यात जाईल. एरियल काढ म्हणाले, काढली. तार फेकून द्या असं तर कोणी नाही बोललं."

त्यांना हुकूम कळलेला होता, कारण कळलेलं नव्हतं. "हे त्या इंदूरवाल्याचंच काम," ते म्हणाले. "तू अर्ज लिहून दे मला. त्याचं नाव टाक, बस."

मला तोंड उघडता आलं असतं. त्याऐवजी मी तिथेच मांडी घालून अर्ज लिहिला, साहेबांनी आकसाने खोटा अहवाल दिला असंही लिहिलं. लिहिताना स्वतःची शिसारी आली, तरी लिहिलं.

अर्ज वरून खुलाशासाठी साहेबांकडेच आला. त्यांनी आम्हा दोघांना माधवगंजातल्या कचेरीत बोलावलं आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्ही तुमच्याच हातचे दिसतात," ते मला म्हणाले. "यातलं खरं काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. तार कुठे आहे तेही सांगितलं. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. साहेबांनी काकांचं नाव यादीत परत घ्यावं म्हणून पत्र लिहायला घेतलं. ते लिहायला मला सांगितलं नाही, स्वतःच लिहिलं, आणि मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणंही मला संशयास्पद वाटलं, इतका मी वाईट.

बाहेर रस्त्यावर काका बरंच अंतर माझ्या पुढे चालले. मग थांबून म्हणाले, "सगळे दिवस मी तिथेच होतो. एकदा येऊन मला विचारावं, असं नाही वाटलं तुला?"

त्या दिवशी खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"वाटलं होतं, काका," मी म्हणालो. "पण तुम्ही खरं सांगाल असं नाही वाटलं."