पाठ टेकली की सोडायचं

"ए पैलवान, ओरड ना. मेंढ्यांना कसा हाकतोस, तसा ओरड."

चॅनेलचा तो माणूस माझ्याहून बराच लहान. कानाला हेडफोन, हातात काळी घोंगडी. ती त्यानं माझ्या उघड्या खांद्यांवर टाकली, दोन पावलं मागं सरकला, मान वाकडी करून मला न्याहाळलं.

"वा! आता कसा ओरिजिनल दिसतोस."

ओरिजिनल! अहो, घोंगडीसुद्धा ओरिजिनल नव्हती. नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून भाड्यानं आणलेलं कांबळं, वरून काळा रंग मारलेला. माझ्या घामानं तो रंग सुटला आणि छातीवरून काळे ओघळ पोटाकडं निघाले. आमच्यात घोंगडी देवाच्या बैठकीला अंथरतात. तिच्यावर पाय पडला तर म्हातारी माणसं हात जोडायला लावतात. इथं तिच्या टोकावर हेडफोनवाल्याचा बूट होता.

आणि मी ओरडलो. झकास ओरडलो! नाटकाची हौस मला लहानपणापासून. वळसंगच्या माळावर बापाच्या मागं मेंढरांत फिरताना जी हाक शिकलो, ती अशी घुमवली की मेकअप करणारी पोरगी दचकून उभी राहिली. सगळे हसले. मीही हसलो. दोन हसण्यांत फरक होता, तो कळायला मला फार वेळ लागला.

ऐका, मी कोण ते आधी सांगतो. धनगराचा पोरगा. मेंढरं सोडून सोलापुरात आलो ते कुस्तीसाठी. भवानी पेठेतल्या तालमीत वाढलो, एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून चिकटलो. मातीतल्या पैलवानाला तिशीनंतर कोणी विचारत नाही. मला मात्र लढल्याशिवाय जेवण जात नव्हतं. म्हणून पिंजऱ्यातली लढत शिकलो. जाळीचा पिंजरा, हातात पातळ ग्लोव्ह्ज, बुक्क्या चालतात, लाथा चालतात, गळा आवळलेला चालतो. हरणाऱ्यानं हातानं थोपटलं की सोडायचं, नाहीतर तो बेशुद्ध पडेपर्यंत चालू. लहानसहान स्पर्धा मारल्या. मग एक दिवस टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं. समोर मुंबईचा चॅम्पियन. वडिलांच्या चार जिम, स्वतः परदेशात शिकून आलेला, गोरागोमटा, नेहमी हसरा. त्याचं ते हसणं लक्षात ठेवा.

त्या घोंगडीच्या जाहिरातीनंतर, लढतीच्या आधी, चॅनेलची माणसं तालमीतही शूटिंगला आली. आमची पोरं लंगोट कसून तयार. मी म्हटलं, "ढाक दाखवतो, पट दाखवतो, काय दाखवू?"

"डाव नकोत," तो हेडफोनवाला म्हणाला. "जिंकल्यावर काय करता ते दाखव."

आता आमच्या मातीची रीत अशी, की समोरच्याची पाठ टेकली, दोन्ही खांदे मातीला लागले, की कुस्ती संपली. त्याच क्षणी हात मोकळा. उडी मारून बाजूला व्हायचं, माती कपाळाला लावायची आणि एक हात वर करून मैदानाला फेरी मारायची. पापणी लवायच्या आत सोडायचं! पोरपणी मी एकदा चीत केलेल्या गड्याला जरा जास्त दाबून धरलं होतं, तर वस्तादांनी मैदानातच माझ्या कानाखाली काढली होती. "चीत झालेल्याच्या उरावर बसतो त्यो पैलवान न्हाय, गिधाड हाय!" तेव्हापासून सोडणं माझ्या डोक्यात राहिलं नाही, थेट मनगटात गेलं.

मी पोराला पाडलं, सोडलं, हात वर केला.

"परत," हेडफोनवाला म्हणाला. "आता या बाजूनं. खांदे जवळून घ्या. सोडतो कधी, तो क्षण पाहिजे."

मी परत केलं. मग परत. वस्ताद पायरीवर बसून सुपारी कातरत होते. मला म्हणाले, "डाव बगायचं सोडून डाव संपल्यावरचं कशाला बगत्यात रं ही?"

"वस्ताद, टीव्हीत असंच असतंय की."

"मला न्हाय बरं वाटत," म्हातारा एवढंच बोलला. अडकित्ता थांबला होता.

लढतीचं सांगतो. पहिली फेरी माझी. त्याचं नाक फोडलं, जाळीला दाबून बरगड्या शेकल्या. हॉल त्याच्या बाजूचा, पण गप झाला होता. दुसऱ्या फेरीत मी त्याच्या मांड्यांना मिठी घातली, उचलला आणि आपटला. तो पाठीवर पडला. सपाट. दोन्ही खांदे खाली, अंग ढिलं, हात पसरलेले.

आणि माझा हात सुटला.

मी सोडला असं म्हणू का? तो सुटला. याआधी पिंजऱ्यात ज्यांना पाडलं ते सगळे तडफडायचे, वळायचे, लाथा झाडायचे. तडफड लागली की माझ्या अंगाला कळायचं, संपलेलं नाही. हा मात्र मातीतल्या हरलेल्या पैलवानासारखा शांत पडला. माझं अंग मैदानात गेलं. मी बाजूला उडी मारली, वळलो, हात वर केला. सगळ्या देशासमोर!

तो कधी उठला ते मला दिसलंच नाही. त्याची नडगी माझ्या जबड्यावर बसली, एवढं नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

शुद्धीवर आलो तेव्हा सूटवाला निवेदक माझ्या तोंडासमोर माइक धरून उभा होता. "पैलवान, कुठे निघाला होतात? जत्रेतला फेटा घ्यायला?"

हॉल फुटला हसून. लाऊडस्पीकरवर कोणीतरी मेंढीचा आवाज लावला. बें. परत बें. माझा जबडा मिटत नव्हता, लाळ गळत होती, आणि कॅमेरा जवळ जवळ येत होता.

पुढची चार वर्षं मी त्या व्हिडिओत राहिलो. रिक्षा स्टँडवर मी दिसलो की पोरं एक हात वर करायची. लग्नात आहेर द्यायला गेलो तर नवरदेवाच्या मित्रांनी हात वर केला. शाळेत फळ्यावर हात वर केलेलं मेंढरू काढलेलं. मी डस्टर घेऊन पुसायचो आणि सगळ्यांच्या आधी मीच हसायचो. आपणच आधी हसलो की दुसऱ्याचं हसणं कमी टोचतं, असा माझा हिशेब. बायको म्हणायची, "किती हसताय? घरात बी तसलंच हसाय लागलाय." ती संस्थेच्याच बालवाडीत सेविका. तिला माझं सगळं कळतं. मला तेव्हा माझं काही कळत नव्हतं.

यंदा संस्थेनं नवी व्यायामशाळा बांधली. अध्यक्षसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शाळेत बाकीचे सगळे शिक्षक त्यांच्या तोंडी 'सर'. मी 'पैलवान'. खुर्च्या रिकाम्या होत्या, बस म्हणाले नाहीत.

"पैलवान, उद्घाटनाला कोण येतंय माहीत आहे का? तुझा चॅम्पियन! त्याच्या वडिलांची देणगी आहे."

"बरं साहेब."

"स्टेजवर तोच सीन करायचा. तू त्याला पाडायचं, हात वर करायचा, तो मागून हळूच लाथ मारणार, तू पडायचं. पोरं जाम हसतील. घोंगडीची सोय केली आहे." भिंतीवर मोठा पडदा होता. त्यांनी व्हिडिओ लावला. "थांब, सावकाश लावतो. सावकाश बघायला जास्त मजा येते."

चार वर्षांत मी तो व्हिडिओ कधी पूर्ण पाहिला नव्हता. त्याला उचलतानाच डोळे मिटायचो. साहेबांनी तो असा सावकाश सोडला, की मिटायला जागाच उरली नाही.

मी त्याला उचलतो. तो हवेत आहे. आणि हवेत असतानाच त्यानं हनुवटी छातीला लावली आहे. पडणारा माणूस कोपर शोधतो, कूस शोधतो, जमीन धरायला बघतो. यानं हात आधीच पसरलेत. गादीवर अंग टाकावं तसं अंग टाकलंय. खांदे टेकले, तो हलला नाही. डोळे उघडे. माझ्या मनगटाकडं लागलेले. मनगट सुटलं, आणि त्याच्या ओठांवर ते हसणं आलं.

तो पडला नव्हता. तो झोपला होता.

खांदे जवळून घ्या. सोडतो कधी, तो क्षण पाहिजे. तालमीतलं ते शूटिंग लोकांना दाखवायला नव्हतंच. दाखवलंही नव्हतं कधी. ते त्याला दाखवायला होतं.

माझ्या ताकदीत त्यांना खोट सापडली नाही. मग त्यांनी माझी सभ्यता मोजली. कुठून उघडते, किती वेळात उघडते. आणि तिथून आत शिरले. वर चार वर्षं मलाच माझ्यावर हसायला लावलं.

अध्यक्षसाहेब पोट धरून हसत होते. "बघ, बघ तुझं तोंड!"

"बघितलं साहेब," मी म्हणालो. "येतो मी उद्घाटनाला."

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "मग? करणार तुमी त्यो तमाशा?"

"पाडणार. एवढं नक्की."

"आन् पुढं?"

मी हात धुवायला उठलो. तिनं माझ्याकडं बघितलं, परत विचारलं नाही.

उद्घाटनाला मैदान भरलं होतं. पोरं, पालक, नगरसेवक, हारतुरे. स्टेजवर गादी अंथरलेली. शिपायानं घोंगडी आणली, या वेळी खरी होती. मी ती घडी करून खुर्चीवर ठेवली. चॅम्पियन जवळ आला, खांद्यावर हात टाकला. "काका, टेन्शन घेऊ नका. हळू मारणार मी."

माइकवर अध्यक्षसाहेब स्वतः. "आता बघा हं पोरांनो, आपला पैलवान काय करतो!"

मी त्याला उचलला, ठेवला. हळूच ठेवला. तो ठरल्याप्रमाणे सपाट पडला, हात पसरून, हसत. समोर शेकडो पोरांनी आपापले हात आधीच वर केले होते. माझं मनगट सुटायला निघालं, हे मला जाणवलं. इतक्या वर्षांची सवय. मी दात आवळून ते धरलं.

छाती त्याच्या छातीवर टाकली. एक हात मानेखाली, एक काखेत. बसलो.

"काका, हात वर करा ना," तो कुजबुजला.

"आज न्हाय."

तो हसला. मग हसायचा थांबला. कूस काढायला बघितलं, निघाली नाही. टाचा गादीवर घासल्या. मी एक बुक्की मारली नाही, गळ्याला हात लावला नाही. फक्त सोडलं नाही. बाप म्हणायचा, पावसाळी वाऱ्यात मेंढरू धरावं तसं धर, मोडायचं नाही, पण जाऊ द्यायचं नाही.

आधी मैदान हसत होतं. मग हसणं विरळ झालं. मग कोणीच हसेना. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. स्टेजच्या कनातीला वारा लागत होता, तेवढाच आवाज. आणि त्याचा श्वास, माझ्या कानाशी, तुटत चाललेला.

"पैलवान! बास! सोड त्यांना!" अध्यक्षसाहेबांचा आवाज माइकवर फाटला.

मी सोडलं नाही. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर लांब. त्यांत आता हसणं नव्हतं. मग त्याच्या तळव्यानं माझ्या पाठीवर थोपटलं. एकदा. मग घाईघाईनं, पुन्हा पुन्हा.

त्याच्या खेळात याचा अर्थ एकच. हरलो. मी तत्क्षणी हात मोकळा केला आणि उठलो. त्याचा नियम मी पाळला.

कनातीच्या मागं अध्यक्षसाहेबांनी मला गाठलं. ओरडले नाहीत. फार हळू बोलले, तेच जास्त वाईट होतं. "सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. पाहुण्यांसाठी व्हिडिओ काढायचा. नाहीतर राजीनामा लिहून दे. घरगुती कारण टाक." मग जायला वळले आणि सहज आठवल्यासारखं म्हणाले, "तुझी बायको आपल्याच बालवाडीत आहे ना?"

हे मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"माजं नाव काडलं त्यानं?"

"व्हय."

"मग आता तर मागूच नगा."

आज रविवार आहे. दुपारपासून संस्थेची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. आत ड्रायव्हर आहे, काच बंद आहे, कोणी उतरत नाही. मुख्याध्यापकांचा फोन येऊन गेला. "लिही रे बाबा दोन ओळी, सगळं शांत होईल." वस्ताद काठी टेकत येऊन दारात बसलेत. गाडीकडं बघतात.

उद्या मी प्रार्थनेला जाणार. पहिल्या रांगेसमोर उभा राहणार. पोरांना सांगणार की तो माणूस कसा झोपला होता, आणि त्याला माझी रीत कोणी शिकवली. माफी मागणार नाही. राजीनामा लिहिणार नाही. मला काढायचं असेल तर साहेबांनी तिथंच काढावं, माइकवर, कारण सांगून, सगळ्या पोरांदेखत. घरगुती कारण माझ्याकडं एकही नाही.