सुंबोचे हंडे आणि अकिनदेलेच्या मांडण्या

ओलासुंबोने पहिले सहा हंडे घेतले ते थोरल्या लेकीच्या, रोंकेच्या लग्नात. लग्न झालं, हंडे उरले. इबादान शहराच्या मोकोला भागात शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी कार्य असतंच, त्यामुळे शेजारणी हंडे मागायला येऊ लागल्या. कुणी म्हणाली, खुर्च्याही ठेव ना. कुणी म्हणाली, भात गरम राहायला ते जाड झाकणाचे मोठे डबे, कूलर, ठेव. बारा वर्षांत सुंबोच्या चार खोल्यांच्या घरात साडेतीनशे खुर्च्या, चाळीस कूलर, दोन मांडव आणि मोजायला बसलं तर दिवस जाईल इतक्या ताटल्या जमल्या.

हे सगळं ठेवायचं कुठे, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. जिथे मोकळं दिसेल तिथे. खुर्च्यांचे मनोरे बैठकीत, कूलर न्हाणीघराच्या वाटेवर, झाकणं पलंगाखाली. पाहुणा आला की त्याला कूलरवर बसवायचं. तिचा नवरा अकिनदेले एकतीस वर्षं रेल्वेच्या भांडारात भांडारपाल होता. हजारो बोल्ट-नटांतला हवा तो बोल्ट डोळे मिटून काढून देणारा माणूस. पण घरातल्या पसाऱ्याबद्दल तो एवढंच म्हणायचा, "धंदा तुझा, अंगठा माझा." कारण ठेच रोज त्यालाच लागायची.

रोंकेला जुळं झालं आणि सुंबो दोन आठवडे तिच्याकडे अबेओकुटाला गेली. नेमकी त्यातल्या पहिल्याच शनिवारी शेजारच्या फासाकिनबाईंच्या सासऱ्यांची उत्तरक्रिया होती. म्हातारा पंच्याण्णव वर्षांचा होऊन गेलेला, म्हणजे वाजतगाजत मोठी मेजवानी. दोनशे खुर्च्या, आठ कूलर, चार मोठे हंडे. गाडी पहाटे दारात उभी राहिली आणि अकिनदेलेने फोन लावला.

"हंड्यांची झाकणं सापडत नाहीत."

"पलंगाखाली आहेत. उशाकडच्या बाजूला बघा, पायाकडे नको. पायाकडे बारशाची आहेत."

"बारशाची झाकणं वेगळी असतात?"

"रोंकेचे बाबा, गाडी थांबलीय ना? मग वाका."

तो वाकला. एका हंड्यात दुसरा हंडा, त्यात ताटल्या, आणि ताटल्यांखाली त्याची रेल्वेची टोपी, जी पाच वर्षांपूर्वी चोरीला गेली असं तो सगळ्यांना सांगत आला होता. गाडी सुटायला ऊन डोक्यावर आलं. फासाकिनबाईंचे दोन पाहुणे उभ्याने जेवले म्हणे.

त्या दुपारी त्याने वेल्डरला बोलावलं.

सुंबो परतली तेव्हा बैठकीत नुसती बैठक होती. ती उंबऱ्यातच थबकली. "चोर येऊन गेले का हो?"

"मागे ये," तो म्हणाला.

परसात नवा पत्रा चढला होता. पत्र्याखाली भिंतीभर लोखंडी मांडण्या, प्रत्येक वस्तूवर रंगाने घातलेला आकडा, लहानापासून मोठ्यापर्यंत सगळं ओळीने लावलेलं. सुंबोने या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग "छान आहे" म्हणून आत गेली आणि चूल पेटवली. अकिनदेलेला वाटलं होतं ती नाचेल.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. बारसं, शंभर माणसं. आधी सुंबो हे सामान चहा होईतो काढायची. आता ती तासभर मांडण्यांपुढे फिरत राहिली. एक हंडा तर इतका उंच ठेवलेला की तो खाली घेताना तिच्या गुडघ्याने कुरकुर केली. गिऱ्हाईक गेल्यावर ती पालथ्या हंड्यावर बसली.

"बारा वर्षं सगळं माझ्या डोक्यात होतं. तुम्ही माझं डोकं पुसून टाकलंत."

"अगं, आकडे घातलेत. क्रमाने आहे सगळं."

"तुमच्या रेल्वेत माणसं येऊन म्हणायची ना, अमुक मापाचा बोल्ट द्या? माझ्याकडे कुणी मापाचा हंडा मागत नाही. येतात आणि म्हणतात, सुंबोमावशी, बारसं आहे. नाहीतर म्हणतात, आजी गेली. मला बारसं कुठेय ते दिसायला हवं."

सकाळी सुंबोला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. अकिनदेले सगळ्या मांडण्या रिकाम्या करून परसात उभा होता.

"सांग," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त काय जातं?"

"बारसं."

"मग ते दाराशी. पुढे?"

तीन दिवस दोघं परसात होते. ती सांगायची, तो लावायचा. तो मापायचा, ती हसायची. बारशाला निळा पट्टा, लग्नाला लाल, उत्तरक्रियेला पांढरा. जड हंडे जमिनीलगत, रोजचं सामान कमरेच्या उंचीवर, झाकणं भिंतीवर खिळ्यांना. आकडे मात्र त्याने पुसू दिले नाहीत.

"राहू देत," सुंबो म्हणाली. "तुम्हाला झोप तरी लागेल."

डिसेंबरच्या एका शनिवारी पाच कार्यं एकदम आली. पूर्वी अशा वेळी ती दोन परत पाठवायची. त्या दिवशी एकेक गाडी दारात आली, भरली आणि गेली. नऊ वाजता परसात उरला तो झाडू. सुंबो रिकाम्या मांडण्यांमधून एकदा चालत गेली, हात फिरवत.

"आता काय करायचं?" अकिनदेलेने विचारलं.

"बारा वर्षं लोकांच्या कार्यांना भांडी धाडतेय. जेवायला कधी गेले नाही. वेळच नसायचा. कपडे बदला."

त्या पाचांतल्याच चौकातल्या लग्नाला ती निळ्या कापडाचं मोठं घेले डोक्याला गुंडाळून गेली. तिथे टोमॅटोचा लाल जोलोफ भात, चवळीचं वाफवलेलं मोइनमोइन आणि तळलेला मासा होता. अकिनदेलेची नजर कूलरच्या उघड्या झाकणाकडे गेली, तो उठायला लागला. तिने त्याची बाही धरली. "वाढणारे आहेत. तुम्ही पाहुणे आहात."

ढोलवाल्याने तिला ओळखलं आणि तिच्या नावाने थाप दिली. ती उठली. गुडघ्याचं तिला आठवलंही नाही. अकिनदेले आधी लाजला, मग मासा संपवून, हात पुसून, तिच्यामागे नाचायला गेला.