केसपेपरवरची माझी ओळ

माझी नात आता नऊ वर्षांची आहे. डावा पाय ओढत चालते. वालूरमध्ये याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: बाळंतिणीने हट्ट केला, लेकरू वेळेवर दवाखान्यात नेऊ दिलं नाही. हे कारण गावाला मी दिलं. ते खोटं आहे.

सुनेला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं. जिंतूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाळाचे ओठ पाहिले, तपासणी केली आणि मला बाजूला घेतलं. पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळ एक जादा रक्तवाहिनी असते, जन्मानंतर ती मिटते. या बाळाच्या फुप्फुसांना मात्र तेवढ्याच वाटेने रक्त मिळत होतं.

"बारीक तारेवरून आत स्टेंट बसवतात, म्हणजे ती उघडी राहते. आजच संभाजीनगरला निघा."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, लाल-निळ्या खडूने हृदय काढलं. डॉक्टरांचं म्हणणं मला पूर्ण कळलं होतं. तरी बाळाला घरी आणलं. परवा पाचवी होती, आणि सटवाई पुजल्याशिवाय आमच्यात लेकराला लांब नेत नाहीत.

सून म्हणाली, "मामा, ओठ बघा की हिचे. जांभळासारखे व्हायलेत."

"दोन दिवसांत काय आभाळ कोसळायलंय?"

"तुमीच शिकवता ना शाळेत, रक्त कुठून कुठं जातंय ते?"

"बाळंतिणीनं इतकं बोलू नये."

मुलगा दाराशी खाली मान घालून उभा होता.

पाचवीला सटवाईने नशीब लिहावं म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. पेन माझं होतं. सहाव्या दिवशी सकाळी बाळ दूध ओढेना, अंग निळं पडलं. तेव्हा गाडी केली. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात औषधाने ती वाहिनी थोडी उघडली, मग स्टेंट बसवला. जीव वाचला. मेंदूला मात्र फार वेळ प्राणवायू कमी पडला होता.

"तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं ना? मग उशीर का?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. सून आत बाळापाशी होती. मी म्हणालो, "आई तयार होईना." त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. परतल्यावर कटिंगच्या दुकानातही मी तेच सांगितलं.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा ती ओळ खोडा म्हणून मी डॉक्टरांना विनवलं. "आजोबा, आता उपचारात त्याने काय फरक पडणार?" ते म्हणाले.

परतताना देवगाव फाट्यावर बसची वाट बघत होतो. सून म्हणाली, "नऊ वर्षं फाइल मीच सांभाळते, मामा. वाचता येतंय मला."

"चुकलं माझं."

"मला कशाला सांगायलाव? जिथं सांगितलं होतं, तिथं सांगा."

रविवारी कटिंगच्या दुकानात गेलो. गालाला साबण लावलेला असतानाच बोललो. न्हाव्याचा हात थांबला. बाकावरचा एक जण म्हणाला, "गुरुजी, सुनेची बाजू घ्यायलाव व्हय? भाकर बंद करते म्हणाली का काय?" सगळे हसले. कोणालाच खरं वाटलं नाही.

म्हणून लिहून देतो आहे. बाळाला मी थांबवलं. सून पहिल्यापासून निघा म्हणत होती.