बख्शी का तालाबच्या पलीकडचे स्मारक

माझ्या पत्नीशी मी एकदाच खोटे बोललो, आणि ते निस्तरण्याआधीच ती गेली.

वसुधाला जाऊन आज एक वर्ष पूर्ण झाले.

घरगुती गोष्टी फेसबुकवर लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. तरीही लिहीत आहे, कारण आमच्या त्या वार्षिक फेरीचे फोटो तुमच्यापैकी अनेकांनी इथेच पाहिले आहेत.

प्रजासत्ताक दिनानंतरचा रविवार. आमची जुनी मोटारसायकल. मागे वसुधा, तिच्या मांडीवर कापडी पिशवी.

आधी लखनऊच्या छावणीतले युद्धस्मारक. मग हजरतगंजमधून निशातगंज, तिथे नारळ घ्यायचे. नंतर उत्तरेला, बख्शी का तालाबच्या पलीकडची तीन गावे. तिथे मोहरीच्या शेतांलगत शहीद जवानांचे अर्धपुतळे आहेत. घरच्यांनीच उभारलेले आणि दरवर्षी घरच्यांनीच रंगवलेले.

मी चाळीसच्या वर वेग कधीही नेला नाही.

"अहो, तो दूधवाला सायकलवरून पुढे गेला."

"त्याला घाई असेल."

"त्याला गुडघे असतील. माझे गोठलेत."

पुतळ्याला हार घालून झाला की वसुधा त्या जवानाच्या पत्नीची ओटी भरत असे. खण, तांदूळ, नारळ.

पहिल्या वर्षी मी तिला बाजूला घेऊन म्हणालो होतो, "विधवेची ओटी भरत नाहीत. आपल्याकडे तशी पद्धत नाही."

"माहीत आहे. माझ्या आईची कोणी भरली नाही," ती म्हणाली. "तुम्ही हार धरा."

तिचे वडील सातारा जिल्ह्यातले, सुभेदार. ती आठ वर्षांची असताना ते सीमेवर शहीद झाले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आईला ओलांडून पुढे कशा जात, हे तिने दाराआडून पाहिले होते. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. हार धरत राहिलो.

शेवटच्या गावात रामदुलारीजी राहतात. त्यांचे पती लान्स नायक होते. पहिल्यांदा ओटी भरली तेव्हा त्या पदर मागे घेत म्हणाल्या होत्या, "दीदी, ये हमारे लिए नहीं होता." वसुधा म्हणाली, "आज से होता है." पुढे दोघींचे असे जमले की त्यांच्या घरचा हिरव्या मटारचा निमोना आणि भात खाल्ल्याशिवाय आम्हाला निघता येत नसे.

गेल्या वर्षी त्या रविवारच्या वेळी वसुधाची केमोथेरपी सुरू होती. तिने खण आधीच काढून ठेवला होता.

"बाकीची गावे राहू देत. फक्त रामदुलारीकडे."

डॉक्टरांनी मनाई केली होती. मी सरळ नाही म्हणालो असतो, तर तिने वाद घातला असता आणि ती जिंकली असती. म्हणून मी म्हणालो, "मी फोन केला होता. त्या मुलाकडे कानपूरला गेल्या आहेत. महिनाभर येणार नाहीत."

मी फोन केलाच नव्हता.

वसुधाने खणाची घडी नीट केली. मग म्हणाली, "मला कळवलेसुद्धा नाही? असू दे. विसरल्या असतील."

तिने खण कपाटात परत ठेवला. तीन आठवड्यांनी ती गेली.

कॅब करून नेता आले असते. हे मला आज सुचले असे नाही. त्या दिवशीही सुचले होते.

यंदा तो रविवार आला आणि गेला. माझे धैर्य झाले नाही. आज सकाळी मात्र धुक्यातच मोटारसायकल बाहेर काढली. मुलगी म्हणाली, "बाबा, कोहरा है, कैब कर लीजिए ना." मी म्हणालो, "नको." तो खण सोबत घेतला.

रामदुलारीजी पुतळ्याचा चौथरा झाडत होत्या.

"साहब, अकेले? दीदी नहीं आईं?"

मी सांगितले. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि चौथऱ्यावर बसल्या.

मग म्हणाल्या, "हम तो समझे थे दीदी रिसा गईं."

त्यांना वाटले होते, वसुधा रागावली. आदल्या वर्षी त्यांची सून वसुधाच्या देखत बोलली होती, की विधवेला हे असले काही द्यायचे नसते. म्हणूनच दीदी आली नाही, असे धरून त्या वर्षभर सुनेशी धड बोललेल्या नव्हत्या. त्या रविवारी निमोना करून त्या संध्याकाळपर्यंत वाट पाहत होत्या.

मग मी माझे खोटेही सांगितले. सगळे, जसेच्या तसे.

त्यांनी दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "हमें बता देते साहब. हम ही लखनऊ आ जाते. बस तो मोड़ से ही मिलती है."

हे मला त्या दिवशी सुचले नव्हते.

खण मी पुढे केला. त्यांनी हात जोडले. "ये हम दीदी के हाथ से लेते थे." मी तो पिशवीत परत ठेवला.

निघताना त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, "दीदी तुझसे नाराज़ नहीं थीं. बीमार थीं." सून दारातच रडू लागली. मला तिच्याकडे पाहवले नाही.

एका घरातला गैरसमज आज मिटला. दुसरा माझ्या घरातला होता. तो मिटवायला आता इथे कोणी नाही.

वसुधा, रामदुलारीजी कुठेही गेल्या नव्हत्या. त्या तुला विसरल्या नव्हत्या. त्यांनी तुझ्यासाठी स्वयंपाक केला होता.

हे तुला तेव्हाच सांगायला हवे होते.

तुझी क्षमा मागून, तुला माझे अखेरचे वंदन.